मिस्सा, मान आणि पैसा : वाचकांचे प्रश्न

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी चर्चमधल्या पैशाविषयी आणि त्यातून येणाऱ्या मानापमानाविषयी लिहिले आहे. त्यातली सात पत्रे येथे घेतली आहेत. चर्चची आणि लहान गावांची नावे काढून टाकली आहेत, शहर किंवा तालुका तेवढा ठेवला आहे. उत्तरे कॅथलिक चर्चच्या नियमांना धरून आहेत. त्यांत नुसते ‘कलम’ आले तर ते कॅनन लॉचे, म्हणजे या चर्चच्या कायद्याचे.

प्रश्न : आमच्या गावात बहुतेक घरे कोळ्यांची. चर्चच्या दुरुस्तीची वर्गणी चालू आहे. दर रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपताना देणाऱ्यांची नावे आणि आकडे वाचतात, मग फलकावर लावतात. पन्नास हजारांच्या नावाला टाळ्या पडतात. दोनशे देणाऱ्या बाया आता शेवटच्या गीताआधीच उठून जातात. कमिटी म्हणते, हिशेब उघडा राहावा म्हणून नावे वाचतो. दुसरा मार्ग आहे का? — वसई तालुका

उत्तर : आहे. हिशेब उघडा राहिलाच पाहिजे, पण त्यासाठी नावाची गरज नाही. फलकावर पावतीचा क्रमांक आणि रक्कम एवढेच लावा : ‘पावती क्र. २१४, रु. २००’. ज्याची पावती त्याला आपला आकडा तपासता येतो, शेजाऱ्याला काही कळत नाही. मात्र पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरलात तर क्रमांकावरून घर ओळखू येते आणि सगळे फुकट जाते. म्हणून प्रत्येक घराला एकाच रंगाचे, एकाच आकाराचे पाकीट द्या, ते रविवारी पेटीत पडू द्या आणि मोजणी झाल्यावर पाकिटे हाताला येतील तशा पावत्या फाडा. पावतीही बंद पाकिटातच परत द्या.

मोजणीला तीन जण हवेत. ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत आणि दर महिन्याला एक तरी बदलावा. मिस्सा संपल्याबरोबर मोजायला बसा, ‘उद्या बघू’ म्हणू नका. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती असा तक्ता भरून तिघांनी सही करायची आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण रक्कम भरायची. पेटीतल्या रोख पैशातूनच गवंड्याची मजुरी किंवा फुलांचे बिल देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण बँकेत गेलेला आकडा आणि मोजलेला आकडा पुन्हा कधी जुळत नाही. क्यूआर कोड लावला असेल तर तो चर्चच्या खात्याचा आहे ना, हे स्वतः एक रुपया पाठवून पडद्यावर येणाऱ्या नावावरून पाहा. खजिनदाराच्या खासगी नंबरावर पैसे घेऊ नयेत, तो कितीही विश्वासू असला तरी. आणि यूपीआयमध्ये देणाऱ्याचे नाव खातेउताऱ्यावर दिसते. तो उतारा दोघांपलीकडे जाऊ नये, कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.

आता रकमेविषयी. ‘घरटी पाच हजार’ हे कागदावर समान दिसते. बोटीच्या मालकाला आणि त्याच्याच बोटीवरच्या खलाशाला ते समान नसते. त्यापेक्षा ‘एका दिवसाची कमाई’ असे माप ठेवा. आकडा ज्याचा त्याने ठरवायचा, कुणी विचारायचा नाही. वर्गणी जून-जुलैत मागू नका. तेव्हा बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, शाळेची फी आणि वह्या-पुस्तके त्याच वेळी येतात. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला की मागा आणि सहा-सात हप्त्यांत घ्या. श्रमदान धरणार असाल तर सगळ्या घरांना धरा. पैसेवाले पैसे देतात आणि गरीब रेती वाहतात, अशी वाटणी झाली तर फलक काढूनही भेद राहतो.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, विधवेने दोन नाणी टाकली, आणि तिने सर्वांपेक्षा अधिक दिले असे तो म्हणाला. रविवारी यादी वाचताना आपण नेमका उलटा हिशेब लावतो.

प्रश्न : मुलीचा पहिला कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी) पुढच्या वर्षी आहे. झालर लावलेला झगा, मुकुट, हातमोजे, फोटोग्राफर, हॉलवर जेवण. माझ्या नणंदेने यासाठी सोने गहाण ठेवले. आमची ऐपत नाही. फादरांशी बोलावे का, आणि काय बोलावे? — विरार

उत्तर : जरूर बोला, पण ‘आम्हाला सवलत द्या’ असे मागू नका. सगळ्या मुलांना एकच झगा असावा, असे मागा. कॅनन लॉचे ८४८ वे कलम सांगते की ठरवलेल्या देणगीपलीकडे साक्रामेंतासाठी (चर्चच्या पवित्र संस्कारासाठी) काहीही मागायचे नाही आणि गरिबीमुळे कुणी साक्रामेंताला मुकू नये याची काळजी घ्यायची. कपडे आणि मेजवानी साक्रामेंताचा भाग नाहीतच.

काम कठीण नाही. चाळीस मुले असतील तर पन्नास पांढरे झगे शिवून चर्चच्या कपाटात ठेवावेत, कारण मापे दरवर्षी सारखी येत नाहीत. मुले बहुधा आठ-नऊ वर्षांची असतात, त्यामुळे चार लांब्या पुरतात. ३६ इंच पन्ह्याचे साधारण तीन मीटर कापड एका झग्याला लागते. खालची पट्टी तीन इंच दुमडून ठेवली तर उंच मुलासाठी ती सोडता येते. कापड नुसते सुती घेतले तर इस्त्रीचा ताप होतो, नुसते पॉलिएस्टर घेतले तर मे महिन्यात मुलांना घाम धरतो. मिश्र कापड बरे. मुलगा-मुलगी एकच नमुना, कमरेला दोरी, डोक्यावर काही नाही. विधीनंतर त्याच दिवशी झगे परत घ्यायचे, धुण्याचा खर्च चर्चचा.

हे फसते ते एकाच कारणाने. ‘गरजूंसाठी झगे उपलब्ध आहेत’ अशी सूचना दिली की कुणीही येत नाही. तो झगा मग गरिबीची खूण होतो. कपाटातला झगा सगळ्यांनी घालायचा, डॉक्टरच्या मुलीनेही. हे वर्ग सुरू होतानाच्या पहिल्या पालकसभेत ठरवा. एप्रिलमध्ये सांगितले तर तोवर शिंप्याकडे पैसे भरलेले असतात आणि वाद होतो. फोटोग्राफर एकच ठेवा, एक सामूहिक फोटो आणि प्रत्येक मुलाचा एक. वेदीजवळ खासगी कॅमेरे नकोत. मिस्सानंतर अंगणात सगळ्यांना चहा, केक, केळे. घरी कुणी काय करावे यावर चर्चला बंधन घालता येत नाही, पण अंगणातल्या नाश्त्यानंतर हॉलची ओढ बरीच कमी होते.

प्रश्न : सासूबाईंना दिवंगत सासऱ्यांसाठी मिस्सा द्यायची होती. ऑफिसात सांगितले, ‘एवढे पैसे लागतील.’ त्यांच्याकडे पन्नास रुपये होते, त्या परत आल्या. मिस्साला किंमत असते का? — अलिबाग तालुका

उत्तर : नाही. किंमत लावणे तर सोडाच, पण मिस्साच्या पैशात व्यापाराचा भास होईल असेही काही नको, असे ९४७ वे कलम म्हणते. देणगीची रक्कम त्या प्रांतातले बिशप मिळून ठरवतात (कलम ९५२). धर्मगुरू त्याहून जास्त मागू शकत नाहीत, कुणी आपण होऊन जास्त दिले तर घेऊ शकतात आणि कमीही घेऊ शकतात. गरजूंसाठी काहीही न घेता मिस्सा करावी, अशी आग्रहाची शिफारस ९४५ व्या कलमात आहे. सासूबाईंनी थेट फादरांना भेटावे आणि एवढेच सांगावे : ‘माझ्याकडे पन्नास आहेत, माझ्या माणसासाठी मिस्सा हवी.’ बहुतेक वेळा नकार ऑफिसच्या खिडकीवर मिळतो, फादरांना त्याचा पत्ताही नसतो.

आणखी काही गोष्टी माहीत असाव्यात. रक्कम कितीही लहान असो, प्रत्येक हेतूसाठी (म्हणजे ज्याच्यासाठी मिस्सा मागितली त्याच्यासाठी) स्वतंत्र मिस्सा हा मूळ नियम आहे (कलम ९४८). एका मिस्सात अनेकांचे हेतू एकत्र करायचे तर देणाऱ्याला आधी सांगून त्याचा स्पष्ट होकार हवा, तो गृहीत धरता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये रोमने काढलेल्या आदेशात हे पुन्हा बजावले आहे. अशा वेळीही धर्मगुरू एकच देणगी स्वतःकडे ठेवू शकतात. मिस्सांची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे (कलम ९५८), तेव्हा तारीख आणि हेतू लिहून घेतला ना, हे विचारायला संकोच नको.

गायकवृंद, वाद्य, जादा फुले यांचे पैसे वेगळे असतात. ते मिस्साचे पैसे नव्हेत आणि ते न देता मिस्सा तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : आमच्या दफनभूमीत पुढच्या ओळीत संगमरवरी कायमच्या कबरी आहेत. बाकीच्यांना मागच्या बाजूला, पाणी साचते तिथे जागा मिळते आणि काही वर्षांनी कबर उकरतात. मेल्यावरही वर्ग का? उपाय काय? — वसई

उत्तर : जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लिहिले की विधीत किंवा बाह्य थाटात कुणा खासगी व्यक्तीला वा वर्गाला खास मान देऊ नये. त्याआधी अनेक देशांत दफनविधीलाही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग असत. आजच्या ११८१ व्या कलमात दफनाच्या देणगीबाबत दोन गोष्टी स्पष्ट आहेत : माणूस पाहून वागू नका आणि गरिबाला योग्य दफनापासून वंचित ठेवू नका. म्हणजे घंटा, मेणबत्त्या, गीते, धर्मगुरूंचे घरी येणे, सारे सगळ्यांना सारखे.

जागेचा प्रश्न निराळा आणि अवघड आहे. वसईत जमीन वाढणार नाही. ज्यांना कायमच्या कबरीचे कागद पूर्वी दिले ते सहज रद्द होत नाहीत, म्हणून भांडण तिथे सुरू करू नका. नवी कायमची कबर देणे बंद, असा ठराव करा. पुढच्या ओळीत जागा मोकळी झाली की ती पाळीने द्या, पैशाने नाही. कबर पुन्हा वापरण्याची मुदत सर्वांना एकच ठेवा आणि उकरण्याआधी घरच्यांना लेखी कळवा. कळवण्याआधीच कुदळ पडते, हे दुःख गरिबांच्या वाट्याला जास्त येते, कारण त्यांचा पत्ता बदललेला असतो आणि ऑफिसात त्यांच्या ओळखीचे कुणी नसते. अस्थी ठेवायचे कोनाडे किंवा सामाईक अस्थिकुंड यावर मृतांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा.

मुदत संपूनही देह विरघळलेला नसतो, ही तक्रार किनाऱ्यालगत नेहमीची आहे. पाणी धरणाऱ्या चिकट मातीत हवा पोचत नाही, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते. नायलॉनचे कपडे, बूट, हातमोजे, पॉलिश केलेली जाड पेटी, आत प्लॅस्टिकचे अस्तर यांनी ती आणखी लांबते. महागडी पेटी घेतलेल्या घरालाच पुढे जास्त यातना होतात. साधे सुती कपडे आणि बिनपॉलिशची पेटी बरी. वसईतल्या काही चर्चमध्ये पेटीऐवजी सुती कापडात गुंडाळून दफन करण्याची रीत सुरू झाली आहे. त्यासाठी अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद सुती चादर आणि बांधायला सुती पट्टे पुरतात. दफनभूमीपर्यंत नेण्याची पेटी चर्चची, सर्वांसाठी एकच आणि पुन्हा वापरायची. इथेही झग्यासारखेच आहे : सुरुवात सुखवस्तू घरांनी करावी, नाहीतर ‘गरिबाला फडक्यात पुरले’ असे बोलले जाते. मागच्या बाजूला पाणी साचत असेल तर संपूर्ण दफनभूमीला उताराची चर काढून घ्या. हा चर्चचा खर्च आहे, त्या ओळीतल्या घरांचा नव्हे.

दहनाला चर्चची मुभा १९६३ पासून आहे. रक्षा घरी ठेवायची किंवा समुद्रात सोडायची नाही, पवित्र जागी ठेवायची, हे रोमच्या २०१६ च्या सूचनेत सांगितले आहे. रक्षेच्या कोनाड्याला जागा फार थोडी लागते.

दफनफंडही सुरू करा. तीनशे घरांनी महिन्याला वीस-वीस रुपये दिले तर वर्षाला ७२,००० होतात. पेटी, खड्डा आणि मेणबत्त्या त्यातून, प्रत्येक मरणाला, न मागता. मागावे लागले तर तो फंड नव्हे, मदत झाली.

प्रश्न : फेस्ताचा (चर्चच्या वार्षिक सणाचा) सगळा खर्च यंदा एका कुटुंबाने उचलला. मंडपाच्या दारात त्यांचा फोटो, पहिल्या दोन ओळी त्यांच्या पाहुण्यांना राखीव, मिरवणुकीत मूर्तीच्या पुढे तेच. पैसे दिले तर मान घेणारच, असे लोक म्हणतात. — मालवण तालुका

उत्तर : पैसे आनंदाने घ्या, जागा देऊ नका. खासगी व्यक्तींसाठी चर्चमध्ये आसने राखून ठेवण्याची प्रथा बंद करावी, असे मिस्सा कशी करावी हे सांगणाऱ्या रोमच्या सर्वसाधारण सूचनांच्या ३११ व्या परिच्छेदात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही याच प्रसंगावर आहे : सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘इथे बसा’ आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू तिथे उभा राहा’. ते वाचन फेस्ताआधीच्या रविवारी प्रवचनाला घ्यायला हरकत नाही. पुढच्या ओळी म्हातारे, ऐकू कमी येणारे आणि चाकाच्या खुर्चीतले यांना द्या.

फेस्ताचा मान पैशाशी बांधण्याची आपली सवय जुनी आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या कोन्फ्रारिया, म्हणजे फेस्त आणि चर्चची सेवा पाहणारी मंडळे, कितीतरी गावांत जातीनुसार वाटलेली होती. कुणी कुठला झगा घालायचा, मिरवणुकीत कुणी कुठे चालायचे यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. आज जातीच्या जागी आखाताचा किंवा हॉटेलचा पैसा आला, तरी मिरवणुकीतली ती जागा तीच राहिली आहे.

पुढच्या वर्षीसाठी असे करा. खर्चाचे दोन भाग पाडा. वेदीशी संबंधित सगळे, म्हणजे मेणबत्त्या, द्राक्षरस, भाकर, प्रवचनकारांचा प्रवास, वेदीवरची फुले, हे चर्चच्या फंडातूनच. यावर कुणाचे नाव नको. मंडप, दिवे, बँड, जेवण, छपाई यांसाठी देणग्या घ्या, पण प्रत्येक बाबीला कमाल रक्कम ठरवा आणि एका घराकडून एकच बाब. नोव्हेनाचे, म्हणजे फेस्ताआधीच्या प्रार्थनेचे, नऊ दिवस नऊ वाड्यांना वाटा आणि कोणता दिवस कुणाचा हे चिठ्ठी टाकून काढा. रोजच्या खर्चाची मर्यादा सारखी हवी, कारण तसे न केल्यास पहिल्या वाडीने चहा दिला तर नवव्या दिवशी बिर्याणी येते आणि मधल्या गरीब वाडीला कर्ज होते. मूर्ती उचलणारेही चिठ्ठीनेच, त्यात बाया हव्यात. आभार एकदाच, मिस्सा संपल्यावर मैदानात, ‘सर्व दात्यांचे’ म्हणून. या नियमांचा कागद देणगी घेण्याआधी दात्याच्या हातात द्या. नंतर सांगितले तर त्याचा अपमान होतो, आणि तो राग रास्त असतो.

प्रश्न : मुलगा कुवेतमध्ये आहे, मुलगी कॅनडाची नागरिक झाली. दोघांना चर्चच्या छपरासाठी पैसे द्यायचे आहेत. थेट पाठवले तर चालेल? — सावंतवाडी

उत्तर : मुलाचे चालतील, मुलीचे तसे चालणार नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. मुलगी परदेशी नागरिक आहे. तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे कार्ड) असले, तिने रुपयांत दिले, तरी कायद्याने तो परदेशी स्रोत. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच तो पैसा घेऊ शकते आणि तोही नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच. नोंदणी तुमच्या चर्चची नसेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारा. ‘भावाच्या खात्यात टाकते, तो देईल’ हा मार्ग टाळा, त्यात भाऊ आणि चर्च दोघेही अडकतात.

देताना ‘छपरासाठी’ असे लिहून द्या. विशिष्ट कामासाठी दिलेले दान त्याच कामाला वापरावे लागते (कॅनन लॉ, कलम १२६७). आयकराची ८०जी, म्हणजे देणगीवरची सूट मिळेलच असे धरू नका. संस्थेला ती मान्यता हवी, जुनी करप्रणाली निवडलेली हवी, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सूट मुळीच नाही.

प्रश्न : फायनान्स कमिटीत एक कंत्राटदार, एक बिल्डर, एक हॉटेलमालक. सामान्य माणसाने हिशेब मागितला की ‘तुझी वर्गणी किती?’ असे ऐकवतात. हक्क आहे की नाही? — वसई

उत्तर : आहे, आणि तो वर्गणीच्या आकड्यावर अवलंबून नाही. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे १२८७ वे कलम सांगते. प्रत्येक चर्चमध्ये वित्त समिती असणे सक्तीचे आहे (कलम ५३७), आणि ती श्रीमंतांची असावी असे कुठेही म्हटलेले नाही. हिशेब समजणारी शिक्षिका, पतपेढीतला कारकून, बचत गटाची प्रमुख ही माणसे तिथे जास्त उपयोगी पडतात. चर्चचे काम घेणारा कंत्राटदार त्याच कामाच्या दरपत्रकावर बसू शकत नाही. त्या बैठकीपुरते त्याने बाहेर राहावे, आणि इतिवृत्तात तशी नोंद हवी.

महाराष्ट्रात चर्चची मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावे असते, त्याचे हिशेब सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तेव्हा मागणी मोघम ठेवू नका. ‘मागच्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च, दुरुस्ती फंडाची शिल्लक आणि तीन दरपत्रकांच्या प्रती पाहायला मिळाव्यात’ असे एका पानावर लिहा. आरोप लिहू नका, कुणाचे नाव लिहू नका. पाच-सात घरांच्या सह्या घ्या, त्यात कमी वर्गणी देणारी घरे असू द्या. पत्र आधी फादरांना हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही तर त्याच पत्राची प्रत बिशपांच्या कार्यालयात द्या, पोच घेऊनच.